वकिलातीतले साहेब

सिद्धेश जामसंडेकर सुट्टीला देवगडला आला की सकाळचा वेळ वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, दुकानात काढायचा. बाजारपेठेतलं कापडाचं जुनं दुकान. ओळखीचं गिऱ्हाईक आत आलं की अप्पा ठाण उलगडता उलगडता सांगायचे, "हो आमचो सिद्धेश. परदेशात वकिलातीत आसता."

वाक्य खोटं नव्हतं. सिद्धेश खरोखरच वकिलातीत असायचा, म्हणजे वकिलातीनं दिलेल्या घरात राहायचा. नोकरी त्याच्या बायकोची होती.

शर्मिष्ठा वेंगुर्ल्याची, माहेरची नाबर. वडील फळ संशोधन केंद्रात कारकून होते. परराष्ट्र सेवेची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली, तेव्हा वेंगुर्ल्याच्या बाजारात लोक तिच्या वडिलांना थांबवून विचारत, की पोरगी नक्की कुठल्या खात्यात लागली. सिद्धेश त्या वेळी कणकवलीला एका ज्युनियर कॉलेजात वाणिज्य शिकवत होता. एका नातेवाइकाच्या लग्नात दोघांची ओळख झाली आणि वर्षाच्या आत त्यांनी लग्न करायचं ठरवलं.

प्रशिक्षणाच्या काळात एक निवृत्त अधिकारी बाई शर्मिष्ठाच्या तुकडीशी बोलायला आल्या होत्या. त्यांच्या तरुणपणी या सेवेतल्या बाईला लग्न करण्याआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येत असे. पुरुषांना असलं काही नव्हतं. एक बाई कोर्टात गेली, तेव्हा कुठे तो नियम गेला. शर्मिष्ठानं हे सांगितल्यावर सिद्धेशला त्या न पाहिलेल्या बाईचा अभिमान वाटला होता. दोघांतल्या एकाला नोकरी सोडावीच लागणार असेल तर मी सोडतो, असं त्यानं आपणहून सांगितलं, आणि सोडलीही. त्या दिवशी तो मनापासून बोलला होता, यात शंका नाही.

पण असं बोलणं एकदा होतं आणि राहावं रोज लागतं. पहिल्या देशात एका मेजवानीला दारात उभ्या असलेल्या यजमानानं शर्मिष्ठाच्या डोक्यावरून हात पुढे करून सिद्धेशचं स्वागत केलं आणि तिला बायकांच्या खोलीची वाट दाखवली. दोघं घरी येऊन पोट धरून हसली. पुढे पुढे असे प्रसंग आले की शर्मिष्ठा हसायची, सिद्धेश हसायचा नाही. अधिकाऱ्यांच्या जोडीदारांसाठी म्हणून जे कार्यक्रम ठेवत, त्यात तो एकटाच पुरुष असायचा. फुलांची मांडणी, म्युझियमची सहल, चहा. तिथल्या कायद्यानं त्याला नोकरी करता येत नव्हती. लेक झाल्यावर तिचं सगळं त्यानंच केलं. अवनीला खरचटलं तरी ती बाबा म्हणूनच हाक मारायची. घरात तो सुखी होता. देवगडला जायची वेळ आली की मात्र तो तारीख पुढे ढकलू बघायचा.

कारण देवगडला लोक विचारत, तू काय करतंस थंय? पहिल्या वर्षी त्यानं हो-हो करून वेळ मारून नेली. दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं, व्यापाराचा विभाग बघत असशील, कॉमर्सवालो तू. त्यानं मान हलवली. मग ते तसंच झालं. शेजारचा दत्ताराम घाडी त्याला लहानपणापासून सिद्धू म्हणायचा, तोही 'साहेब, तुमी' म्हणू लागला.

एका डिसेंबरात गावच्या हायस्कुलाचं स्नेहसंमेलन होतं. अप्पा जुने विद्यार्थी आणि देणगीदार. त्यांनी शब्द टाकला आणि सिद्धेशला पाहुणा म्हणून बोलावणं आलं. तो गेला तेव्हा व्यासपीठामागे बॅनर लागलेला होता आणि त्यावर त्याच्या नावाआधी 'परराष्ट्र सेवेतील अधिकारी' असं छापलं होतं. त्याच क्षणी परत फिरता आलं असतं. तो फिरला नाही. शर्मिष्ठाला पुढच्या रांगेत बायकांत बसवलं. मुख्याध्यापिकांनी तिची ओटी भरली आणि मुलींना सांगितलं, की साहेबांच्या मागे खंबीरपणे उभ्या राहणाऱ्या वहिनींकडून शिकण्यासारखं आहे.

सिद्धेशनं निर्यातीवर भाषण केलं. ते वाईट झालं नाही. शेवटी प्रश्न विचारायला सांगितल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दोन्ही हातांनी ओढणीचं टोक धरून तिनं विचारलं, "सर, परराष्ट्र सेवेत मुलींना घेतात काय?"

सिद्धेशनं समोर पाहिलं. शर्मिष्ठा त्याच्याकडेच बघत होती, मांडीवर नारळ आणि खण घेऊन.

"घेतात," तो म्हणाला. "हल्ली बऱ्याच आहेत."

मुलगी थँक्यू म्हणून खाली बसली.

घरी दोघं मालवणीत बोलत. शर्मिष्ठा रागावली की मात्र कचेरीत बोलावं तसं स्वच्छ मराठीत बोलायची. त्या संध्याकाळी परतताना ती म्हणाली, "त्या मुलीला तरी तू खरं सांगायला हवं होतंस." तो म्हणाला, की अप्पांचं सगळं गाव समोर बसलेलं होतं. ती म्हणाली, "मीही बसले होते. आणि मीही उठले नाही." मग घर येईपर्यंत दोघांनी अवनीच्या झोपेबद्दल तेवढं बोलून घेतलं.

त्यानंतर शर्मिष्ठाची बदली आखातातल्या एका देशात झाली. तिच्याकडे तिथल्या भारतीयांच्या अडीअडचणींचं काम होतं. हरवलेले पासपोर्ट, घरकामाला आणून कोंडून ठेवलेल्या बायका, तुरुंगातले ड्रायव्हर, शवागारात पडून राहिलेली माणसं. ती अरबी शिकली होती आणि तिथल्या अधिकाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलायची. घरी येताना कधी कधी तिच्या चेहऱ्यावर रंग नसायचा. सिद्धेश न विचारता तिच्यापुढे पेज आणि लोणचं ठेवायचा.

एका दुपारी दत्तारामचा फोन आला. त्याचा मुलगा निहार त्याच देशात एका टगबोटीवर खलाशी म्हणून गेला होता. मोठ्या जहाजांना बंदरात ओढून आणणारी ती छोटी बोट. बोटीची कंपनी बुडाली होती, मालक देश सोडून गेला होता, आणि बोट बंदराबाहेर नांगरून ठेवलेली होती. खलाशांचे पासपोर्ट कंपनीच्या तिथल्या एजंटाकडे अडकले होते, त्यामुळे त्यांना किनाऱ्यावर पाय ठेवता येत नव्हता. गोडं पाणी मोजून मिळत होतं, भात तेवढा शिल्लक होता.

"साहेब, आता तुमीच काय ता बघा," दत्ताराम म्हणाला. "झील माझो एकटो आसा."

सिद्धेश म्हणाला, "बघतंय मी. काळजी करू नको."

संध्याकाळी शर्मिष्ठाला सांगायचं, हे त्यानं फोन ठेवतानाच ठरवलं होतं. पण ती उशिरा आली. दिल्लीहून कुणी मोठे पाहुणे येणार होते. आणि सांगायचं म्हणजे दत्तारामनं फोन तिला न करता आपल्याला का केला, तेही सांगायला लागणार होतं. म्हणजे पुन्हा ते स्नेहसंमेलन, पुन्हा तो बॅनर. उद्या सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच एजंटाच्या कचेरीत फोन लावला. तिकडचा माणूस गोड बोलला. नवा मालक येतोय, आठवडाभरात सगळं सुटेल, म्हणाला. सिद्धेशनं ते दत्तारामला कळवलं, आणि कळवताना 'बोलणी चालू आहेत' असे शब्द वापरले. दत्तारामचा आवाज हलका झाला. त्यानं साहेबांना आशीर्वाद दिले.

या सगळ्यातली खरी लाजेची गोष्ट सिद्धेशला पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगता आली नाही. त्याला ते फोन आवडू लागले होते. अवनीला शाळेत सोडून आल्यावर तो कागद-पेन घेऊन बसायचा, एजंटाला फोन करायचा, मग दत्तारामला. कुणीतरी त्याच्या शब्दावर थांबून होतं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. आठवडा उलटला, दुसरा उलटला, तिसराही उलटला. एजंट गोड बोलतच राहिला, आणि सिद्धेशही.

त्या दिवशी तो अधिकाऱ्यांच्या जोडीदारांच्या चहाला गेला होता. हातात बशी असताना फोन वाजला. दत्तारामनं फोटो पाठवला होता. निहारच्या उजव्या हाताची दोन बोटं दहा-बारा दिवसांपूर्वीच ओल्या दोरात चिरडली होती, घरी त्यानं ते आज कळवलं होतं. हात मनगटापर्यंत सुजला होता आणि एका बोटाचं टोक काळं पडलं होतं.

सिद्धेश बशी तशीच ठेवून निघाला आणि सरळ वकिलातीत गेला. शर्मिष्ठाच्या खोलीबाहेर माणसं टोकन घेऊन बसली होती. त्यांना ओलांडून तो आत गेला आणि फोन तिच्यासमोर धरला.

तिनं फोटो पाहिला. कोण, कुठे, एवढं विचारलं. मग म्हणाली, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला असेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग बघायची थांबली. बोटीचं नाव, एजंटाचं नाव, सगळं तिनं टिपून घेतलं. देवेश नावाच्या तिच्या साहाय्यकाला हाक मारली. बंदरात फोन गेला, डॉक्टरला फोन गेला. पुढच्या पाच-सहा फोनांत जे झालं, ते सिद्धेशच्या महिनाभराच्या बोलण्यांतून झालं नव्हतं. ती निघाली तेव्हा तो म्हणाला, मी पण येतो.

"तू कोण म्हणून येणार?" तिनं विचारलं.

तिनं टोमणा मारला नव्हता. बंदरात शिरायचा पास काढायला प्रत्येकाचं नाव आणि हुद्दा द्यावा लागत होता, म्हणून तिनं विचारलं होतं. तो घरी गेला, कारण अवनीची शाळा सुटायची वेळ झाली होती.

बंदरावर काय झालं ते त्याला नंतर देवेशकडून कळलं. बंदराचा कप्तान बराच वेळ देवेशशीच बोलत राहिला. शर्मिष्ठानं त्याचं बोलणं पुरतं होऊ दिलं आणि मग अरबीत विचारलं, की जखमी माणसाला आज उतरवून न घेण्याचा हुकूम कुणाचा आहे, त्याचं नाव मिळेल का. नाव कुणी सांगेना. बोटीपर्यंत जायला लाँच मिळाली. बोटीवर चढायला दोराची शिडी होती, मॅडमनी खालीच थांबावं असं कप्तानानं सुचवलं. तिनं चपला काढून लाँचमध्ये ठेवल्या आणि ती वर चढली. अंधार पडायच्या आत निहारला हॉस्पिटलात नेलं होतं आणि बोटीवर पाणी पोचलं होतं.

ती घरी आली तेव्हा तिच्या कुर्त्यावर गंजाचे डाग होते. हातपाय धुऊन ती जेवणाच्या टेबलाशी बसली. सिद्धेश समोर उभा राहिला.

"ते सगळे खलाशी वकिलातीला कळवायला निघाले होते," ती म्हणाली. "निहारनं त्यांना थांबवलं. म्हणाला, आमच्या गावचे साहेब आत आहेत, ते बघतायत. म्हणून कुणी कळवलं नाही. त्यांनी मला विचारलं, साहेबांनी आमचं काम कुठवर आणलंय."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आता मी आलेय."

त्याचा समज होता, की आपल्यामुळे फक्त उशीर झाला. आपण त्या माणसांची वाटच अडवून उभे होतो, हे त्याला आता कळलं.

"तुका माझी लाज वाटता?" तिनं विचारलं. मघापासूनचं तिचं बोलणं शुद्ध मराठीत होतं, हे वाक्य मालवणीत आलं.

"तुझी नाय. माझीच."

"माझा हुद्दा तुला चालला, सिद्धेश. माझा नवरा असणं तेवढं चाललं नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि शाळेत मी गप्प बसले. तेव्हा उठले असते तर दत्तारामनी फोन मला केला असता. तेही माझ्या डोक्यातून जात नाहीये."

तिला तरी यातून सोडवावं म्हणून तो काही बोलू गेला, पण आपण तिला सोडवणारे कोण, असं वाटून त्यानं तिचं ताट वाढायला घेतलं.

निहारची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. आठ-दहा दिवस आधी आला असता तर कदाचित एकही काढावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. सिद्धेश हॉस्पिटलात गेला तेव्हा निहार उशीला टेकून डाव्या हातानं भात खात होता. त्याला बघून तो सावरून बसला. म्हणाला, "दादा, तुमी नसतात तर आमी थंयच संपलो असतो. वहिनींक तुमीच धाडलात मा?"

खोलीत बोटीवरचे आणखी दोघं होते. सिद्धेशनं केळी स्टुलावर ठेवली, तब्येत विचारली आणि तो बाहेर पडला. त्या खोलीत खरं बोलायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. घरी शर्मिष्ठानं त्याला एवढंच सांगितलं, की मी निहारला काही बोललेले नाही आणि बोलणार नाही, ते माझं काम नाही.

शर्मिष्ठानं एजंटाकडून पासपोर्ट मिळवले आणि सगळ्यांना घरी पाठवलं. दत्तारामनं फोनवर रडत रडत सिद्धेशचे आभार मानले आणि नंतर गावभर सांगितलं, की सिद्धेशसाहेबांनी माझा झील परत आणला. मे महिन्यात रवळनाथाच्या देवळात सिद्धेशचा सत्कार करायचं घाटत होतं. अप्पांनी ते आनंदानं कळवलं. तेव्हा सिद्धेश एकटाच देवगडला आला आणि बॅग घरात ठेवून सरळ दत्तारामच्या पडवीत गेला.

दत्ताराम हापूसच्या पेट्या भरत होता. निहार त्याला डाव्या हातानं आंबा देत होता आणि उजवा हात लुंगीच्या घडीत ठेवून बसला होता. दत्तारामनं पेंढा बाजूला सारून साहेबांना बसायला जागा केली. सिद्धेश बसला नाही. उभ्यानं त्यानं सांगितलं, की वकिलातीत नोकरीला मी नाही, शर्मिष्ठा आहे. मी घर बघतो. तुझा फोन आला ते मी तिला सांगितलं नाही, महिनाभर. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी तिनं निहारला उतरवलं.

दत्तारामनं हातातला आंबा पेटीत नीट बसवला.

"कित्याक सांगूक नाय?" त्यानं विचारलं.

"लाज वाटली. मग तुमका सगळ्यांक कळला असता, मी कोण ता."

"म्हणजे तू कोण ता लपवूक," दत्ताराम म्हणाला आणि त्यानं निहारच्या लुंगीतल्या हाताकडे बघितलं. कितीतरी वर्षांनी त्यानं सिद्धेशला 'तू' म्हटलं होतं.

निहार उठून बाहेर खळ्यात गेला. मग दत्ताराम म्हणाला, "जा आता. आमका पेटये भरूचे आसत." चहाला थांब असं त्या घरात त्याला कुणी म्हटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

दत्तारामला काय सांगून आलो, ते त्यानं संध्याकाळी अप्पांना सांगितलं. त्यांनी आधी दिवसाचा हिशेब पुरा केला. मग म्हणाले, की लोक विसरले असते, तू कशाला उकरून काढलंस. सत्कार अप्पांनी प्रकृतीचं कारण सांगून रद्द केला.

सिद्धेशला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की सुटू. तसं झालं नाही. दुकानात बसल्या बसल्या तो एकेकाला सांगू लागला, की अधिकारी माझी बायको आहे, टगबोटीवर तीच चढली, मी घरी असतो. लोकांना ते पटेचना. ते हसत आणि अप्पांकडे वळून म्हणत, बघा, केवढो मोठो माणूस, सगळा श्रेय बायलेक देता. खरं बोलूनही त्याच्या पदरात मोठेपणाच पडत होता, आणि तो घेताना पूर्वी कधी झाली नव्हती एवढी लाज त्याला होत होती.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात दत्ताराम पंचा घ्यायला दुकानात आला. आत जामसंड्याचे एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी तोच विषय काढला होता. सिद्धेशनं तेच उत्तर दिलं, आणि गुरुजी हसून म्हणाले, की विनय असावा तर असा.

"विनय नाय, गुरुजी," दत्ताराम म्हणाला. "खराच सांगता तो. ता सगळा तेच्या बायलेन केल्यान. ह्येना नाय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. अप्पा गल्ल्यातलं काहीतरी शोधत राहिले. दत्तारामनं पंचा काखेत मारला आणि सिद्धेशकडे न बघता तो पायऱ्या उतरून बाजारात गेला. सिद्धेशनं मान वर केली नाही. पण गुरुजींनी चष्मा लावून विचारलं, "मग त्यांचं नाव काय म्हणालास?" तेव्हा त्यानं शर्मिष्ठाचं नाव, तिचा हुद्दा आणि ती सध्या कुठे असते, ते सगळं नीट सांगितलं.